क्लैब्य : एक शब्द आणि एका शस्त्रक्रियेचा इतिहास

पदव्युत्तर वर्गात विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ शिकवताना एक जागा अवघड जाते. लक्ष्मी परत येते, त्यानंतर चंपापुढे सखारामचे पौरुष ओसरते, चंपा त्यावरून त्याला डिवचते आणि नाटक खुनाच्या दिशेने सरकू लागते. आम्ही तिघे गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या महाविद्यालयांत हे नाटक शिकवत आलो आहोत. या जागी फळ्यावर आम्ही साधारण एकच शब्द लिहितो : ‘सत्ताऱ्हास’. पुरुषी सत्तेचे प्रतीक कोसळते, असे सांगून पुढे जातो. एकदा आमच्यापैकी एकाच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, प्रतीक राहू द्या. पण हा आजार समजला, तर तेव्हा त्याच्यावर काही इलाज होता का?” वर्ग हसला. शिकवणाराही हसला आणि तास संपला.

ते हसणे आम्हाला नंतर खटकत राहिले. प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर आम्हाला ठाऊक नव्हते. नाटक १९७२चे आहे. त्या सुमारास जगात या व्याधीवर काय उपचार होते, हे शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की ज्या शब्दाने आपण समीक्षेत माणसे, पिढ्या आणि चळवळी मोडीत काढतो, त्या शब्दामागे शल्यविद्येचा एक मोठा, काहीसा विचित्र आणि बराचसा करुण इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एका धाग्याचा, म्हणजे शिश्नरोपणाचा, मागोवा घ्यायचा आहे. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नाही, शब्दांचे आहोत. त्यामुळे आरंभ शब्दापासूनच करतो.

संस्कृतात ‘क्लैब्य’ या शब्दाची दोन आयुष्ये आहेत. एक भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले. तेथे श्रीकृष्ण अर्जुनाला हा शब्द वापरून खडसावतो आणि त्याचा अर्थ अवसान गळणे, भ्याडपणा असा आहे. दुसरे आयुष्य वैद्यकग्रंथांतले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत : बीजोपघाताने होणारे, ध्वजभंगाने होणारे, वार्धक्याने येणारे आणि शुक्रक्षयाने येणारे. सुश्रुताने सहा प्रकार मानले, त्यांत मनाच्या अप्रसन्नतेमुळे येणारेही एक आहे आणि मर्मावरील आघातामुळे येणारेही. नारदस्मृतीत तर चौदा प्रकारांची यादी आहे आणि कोणता बरा होण्याजोगा, कोणता नाही, याचाही विचार आहे. वर्गीकरणाचे तपशील आज टिकोत वा न टिकोत, त्यामागची वृत्ती महत्त्वाची आहे. जिथे कारणे मोजली जातात तिथे दोषारोप आपोआप मागे पडतो.

वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील शेवटचे अधिकरण औपनिषदिक नावाचे आहे. त्यात ‘नष्टरागप्रत्यानयन’ असे एक प्रकरण असून ‘अपद्रव्य’ या नावाने कृत्रिम साधनांची चर्चा येते. सोने, रुपे, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशा पदार्थांची ती बाहेरून धारण करायची साधने आहेत. म्हणजे शरीराने साथ सोडली तर एखादी वस्तू मदतीला घ्यावी, ही कल्पना नवी नाही. ती वस्तू शरीराच्या आत बसवावी, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाची.

मराठीत पुढे काय झाले? वैद्यकातला अर्थ वैद्यांच्या पोथ्यांत राहिला आणि खडसावणीचा अर्थ बोलीत उतरला. ‘षंढ’, ‘नामर्द’, ‘नपुंसक’ हे शब्द शिव्या झाले. गंमत अशी, की व्याकरणात ‘नपुंसकलिंग’ म्हणताना आपल्याला काहीच वाटत नाही. ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे, ‘घर’ नपुंसकलिंगी आहे, ‘पुस्तक’ही. तो शब्द माणसाला लावला की मात्र निवाडा होतो.

युरोपातही वेगळे नव्हते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ‘काँग्रेस’ नावाची एक न्यायालयीन पद्धत होती. पतीवर असामर्थ्याचा आरोप झाला तर नेमलेल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याने आपली क्षमता सिद्ध करायची. १६५९मध्ये मार्की द लांजे या उमरावाला या परीक्षेत अपयश आले आणि त्याचा विवाह रद्द झाला. पुढे त्याने दुसरे लग्न केले आणि त्याला सात मुले झाली! ही नाचक्की न्यायसंस्थेलाही झेपली नाही; १६७७मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने ती परीक्षाच बंद केली. दडपणाखाली शरीर साथ देत नाही, एवढी साधी गोष्ट कायद्याला कळायला एका माणसाची जन्माची अब्रू खर्ची पडली.

आधुनिक उपचारांचा इतिहास साधारण १८८९पासून सांगता येतो. त्या वर्षी पॅरिसमध्ये शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार या विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्याचा जोम परत आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. पाठोपाठ व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख याने वीर्यवाहिनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. शुक्राचा मार्ग बंद केला की वृषणातला अंतःस्राव वाढतो आणि माणूस पुन्हा तरुण होतो, असा त्याचा सिद्धान्त. १९२३मध्ये सिग्मंड फ्रॉइडने ही शस्त्रक्रिया करवून घेतली. १९३४मध्ये कवी डब्ल्यू. बी. येट्सने, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, लंडनमध्ये नॉर्मन हेअर या शल्यविशारदाकडून ती करवून घेतली. येट्सच्या अखेरच्या वर्षांतील कवितेचा आवेग या शस्त्रक्रियेशी जोडणारे अभ्यासक आहेत. १९२०च्या दशकात सर्ज व्होरोनॉफ हा तर माकडाच्या वृषणाचे काप माणसात रोपत होता आणि धनिकांची त्याच्याकडे रीघ लागली होती.

इथे क्षणभर थांबून महाराष्ट्राकडे पाहू. श्टाइनाखची शस्त्रक्रिया म्हणजे मुळात नसबंदी. व्हिएन्ना-लंडनमध्ये जी पौरुष परत मिळवण्यासाठी पैसे मोजून करवून घेतली जात होती, तीच आपल्याकडे आणीबाणीत पौरुष हिरावणारी म्हणून भीतीचा विषय झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. १९७६मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. सक्ती अन्यायकारक होती यात वाद नाही. पण शस्त्रक्रियेने ‘माणूस नामर्द होतो’ ही समजूत आणि शस्त्रक्रियेने ‘म्हातारा तरुण होतो’ ही समजूत, दोन्ही सारख्याच निराधार होत्या. ती नळी बांधल्याने ताठरता वाढत नाही आणि कमीही होत नाही. एकाच टाक्यावर दोन समाजांनी आपापली भीती आणि हाव लादली.

१९३४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. येट्स ज्या वर्षी लंडनच्या शस्त्रक्रियागृहात होता, त्याच वर्षी मुंबईच्या न्यायालयात र. धों. कर्वे आरोपी म्हणून उभे होते. १९२७पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. वाचकांनी आपल्या लैंगिक अडचणी लिहून पाठवाव्यात आणि संपादकाने आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत, हे त्या मासिकाचे वैशिष्ट्य. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला. तरीही कर्व्यांनी १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले. मराठीत या विषयावर शिवी आणि जाहिरात यांखेरीज तिसरी भाषा असू शकते, हे ज्यांनी दाखवले त्यांना त्याची किंमत न्यायालयात मोजावी लागली, एवढे आपण विसरू नये.

आता मूळ धाग्याकडे. १९३६मध्ये निकोलाय बोगोराझ या रशियन शल्यविशारदाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अवयव गमावलेल्या पुरुषासाठी त्याने पोटाच्या त्वचेची नळी करून नवा अवयव घडवला आणि त्याला ताठपणा यावा म्हणून आत रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा बसवली. शिश्नरोपणाच्या इतिहासात हे पहिले पाऊल मानले जाते. कुत्रा, अस्वल, वॉलरस अशा अनेक सस्तन प्राण्यांच्या शिश्नात हाड असते. माणसात ते नाही. निसर्गाने न दिलेले हाड बोगोराझने बरगडीतून उसने आणले.

या माणसाची एक हकिकत आम्हाला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा बोलकी वाटली. ट्रॅमच्या अपघातात बोगोराझचे दोन्ही पाय गेले होते. कृत्रिम पायांवर उभा राहून तो शस्त्रक्रिया करत असे. सायबेरियातील चुक्ची लोकांचा अभ्यासक आणि कादंबरीकार व्लादिमीर बोगोराझ हा त्याचा भाऊ. कृत्रिम पाय लावल्याने आपण कमी माणूस झालो, असे वाटून घ्यायला ज्याला सवड नव्हती, त्यालाच हा दुसरा कृत्रिम आधार सुचावा, यात आम्हाला नवल वाटत नाही.

कूर्चेचा दोष असा, की शरीर ती हळूहळू शोषून घेते किंवा ती वाकडी होते. म्हणून पुढच्या पिढीने परके पदार्थ निवडले. १९५२मध्ये अमेरिकेत गुडविन आणि स्कॉट यांनी अॅक्रिलिकची कांडी वापरल्याचे नोंदवले. १९६६मध्ये इजिप्तच्या बेहेरी यांनी पॉलिथिलीनच्या दोन कांड्या शिश्नातल्या दोन स्पंजासारख्या नळ्यांत, म्हणजे जिथे नैसर्गिक ताठरतेच्या वेळी रक्त भरते तिथेच, बसवल्याचे प्रसिद्ध केले. यानंतरच्या रोपणांची जागा हीच राहिली. मग सिलिकॉन आले आणि ते टिकले, कारण शरीर त्याला फारसे नाकारत नाही.

आणि मग आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर. ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली आणि जेरल्ड टिम यांनी फुगवता येणारे रोपण जगापुढे ठेवले. त्याची रचना साधी आहे : शिश्नाच्या दोन नळ्यांत दोन पोकळ सिलिंडर, पोटात द्रव साठवणारी पिशवी आणि वृषणकोशात छोटा पंप. पंप दाबला की पिशवीतला द्रव सिलिंडरांत जातो आणि ताठरता येते. कार्य संपल्यावर द्रव पुन्हा पिशवीत परततो. विहिरीवरच्या हातपंपाहून हे तत्त्व फार निराळे नाही. १९७५मध्ये स्मॉल आणि कॅरियन यांनी दोन भरीव, अर्धकठीण कांड्यांचे स्वस्त रोपण दिले. ते कायम ताठ राही आणि कपड्यांखाली लपवणे कठीण जाई. १९८०मध्ये जर्मनीच्या योनास यांनी सिलिकॉनमध्ये चांदीच्या तारा घातल्या. त्यामुळे कांडी हवी तेव्हा वर वळवता येऊ लागली आणि एरवी खाली.

या सर्व काळात वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाचे मत काय होते? ही व्याधी बहुतांशी मनाची आहे, असे मानसशास्त्राच्या प्रभावाखाली शिकवले जाई. साहजिकच जिथे मन दोषी तिथे कांडी बसवणे हास्यास्पद ठरे. हे चित्र पालटायला रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मधुमेह यांचा अभ्यास कारणीभूत झाला. १९८२मध्ये पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी पापाव्हरिन या औषधाच्या इंजेक्शनाने ताठरता येते हे दाखवले. १९८३मध्ये लास व्हेगासच्या वैद्यकसभेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली याने असे इंजेक्शन स्वतःला टोचून येऊन, श्रोत्यांसमोर विजार उतरवून आपला निष्कर्ष सिद्ध केला! सभ्य सभागृहाची काय अवस्था झाली याची वर्णने आजही रंगवून सांगितली जातात. पण मुद्दा गंभीर होता. भाषण देणे ही काही कामुक उत्तेजनाची अवस्था नव्हे. तरीही शरीराने प्रतिसाद दिला. मनाला वळसा घालून देह आपले काम करू शकतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

पुढचा टप्पा शब्दाचा आहे आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. १९९२च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञसभेने ‘इम्पोटन्स’ हा शब्द सोडून द्यावा आणि त्याजागी ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावे, अशी शिफारस केली. पहिल्या शब्दात सबंध माणूस असमर्थ ठरतो. दुसऱ्यात एका अवयवाचे एक कार्य बिघडते. १९९४मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका पाहणीने चाळीस ते सत्तर वयोगटातील सुमारे ५२ टक्के पुरुषांत हा बिघाड कमीअधिक प्रमाणात आढळल्याचे सांगितले. निम्मा वर्ग ज्याने ग्रस्त आहे त्याला कलंक म्हणायचे तरी कसे? १९९८च्या मार्चमध्ये व्हायग्राच्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि उपचार औषधाच्या दुकानापर्यंत आला.

गोळी आल्यावर रोपण संपेल असे वाटणे साहजिक होते. ते संपले नाही. दीर्घकालीन मधुमेह, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रक्तवाहिन्यांची गंभीर हानी अशा ज्या रुग्णांना गोळी, इंजेक्शन यांपैकी काहीच लागू पडत नाही, त्यांच्यासाठी ते उरले. जंतुसंसर्ग हा त्याचा जुना वैरी. २००१पासून प्रतिजैविकांचा लेप दिलेली रोपणे आली आणि त्याचे प्रमाण घटले. परदेशी फुगवता येणारी रोपणे आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी सिलिकॉनचे, वाकवता येणारे, कमी खर्चाचे भारतीय रोपण विकसित केले. त्यावरची आवरणे काढून जाडी रुग्णाप्रमाणे जुळवता येते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी कामविज्ञानाचे स्वतंत्र काम उभे केले होतेच. कर्व्यांच्या शहरात हे घडले, याचे एक समाधान वाटते.

रोपणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकदा ते बसवले की नैसर्गिक ताठरतेची उरलीसुरली शक्यता जवळपास संपते. म्हणून ते शेवटचा उपाय. यंत्र असल्याने ते बिघडते, काही वर्षांनी बदलावे लागते. ते इच्छा निर्माण करत नाही, प्रेम निर्माण करत नाही, तारुण्य देत नाही. ते फक्त ताठरता देते. आणि या साऱ्या इतिहासाकडे पाहताना आम्हाला जाणवते ते हेच. अर्क टोचणाऱ्याने तारुण्याचे वचन दिले, नळी बांधणाऱ्याने जोमाचे, माकडाची ग्रंथी लावणाऱ्याने दीर्घायुष्याचे. ते सारे कालौघात पुसले गेले. ज्या उपचाराने सर्वांत कमी वचन दिले, तो टिकला.

अर्थात या वैद्यकीकरणावर गंभीर आक्षेप आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिओनोर टीफर यांनी १९८६मध्येच विचारले होते, की निर्दोष अवयवाच्या या पाठलागात पुरुषाच्या लैंगिकतेचे यंत्र होत नाही काय? जोडीदार स्त्रीला काय हवे, हे या शस्त्रक्रियेच्या आरंभीच्या काळात किती जणांनी विचारले? आक्षेप खरा आहे. शरीरसंबंध म्हणजे केवळ प्रवेश, ही समजूत रोपणाने मोडली नाही. कदाचित घट्टच केली. तरीही मधुमेहाने खचलेल्या, बायकोशी वर्षानुवर्षे नजर चुकवणाऱ्या माणसाला ‘तुझ्यात दोष नाही, रक्तवाहिनीत आहे’ असे कोणी सांगणे आणि ‘तू बायल्या आहेस’ असे सांगणे, यांत निवड करायची झाली तर आम्ही टीफर यांचा आक्षेप मनात ठेवूनही पहिल्या बाजूला उभे राहू.

आपल्याकडे मात्र अजून दुसरी बाजू वरचढ आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. रेल्वेमार्गाकडेच्या भिंतींना तो कायदा ठाऊक नसावा. हिंदू विवाह कायद्याच्या इंग्रजी मजकुरात आजही जुनाच शब्द आहे. आणि आमच्या क्षेत्राचे काय? ‘नपुंसक बुद्धिजीवी’, ‘षंढ मध्यमवर्ग’ असे शब्दप्रयोग मराठी समीक्षेत आणि अग्रलेखांत आपण सहज करतो. आमच्यापैकी एकाच्या जुन्या लेखात ‘साठोत्तरी पिढीची नपुंसक बंडखोरी’ असे शब्द आहेत. तेव्हा ते जोरकस वाटले होते. सुसान सोंटॅग यांचे आजाराच्या रूपकांवरचे, १९७८चे पुस्तक आम्ही वर्गात आवर्जून शिकवतो; क्षय आणि कर्करोग यांची रूपके किती निर्दय ठरतात, हे समजावून सांगतो. आणि त्याच तासाला एका व्याधीचे नाव शिवी म्हणून वापरतो.

नाटककाराला हे रूपक वापरण्याचा अधिकार आहे. सखारामचे दुखणे कथानकात जिथे येते तिथे त्याला अर्थ आहे आणि तो अर्थ आम्ही पुढेही शिकवू. समीक्षकाची गोष्ट वेगळी. भ्याडपणाला भ्याडपणा म्हणता येते, निष्क्रियतेला निष्क्रियता. त्यासाठी कुणाचा आजार उसना घेण्याचे कारण नाही. समोर बसलेल्या चाळीस विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या वडिलांना, उद्या कदाचित त्यालाच हे दुखणे असेल. तो आपला शब्द ऐकतो आहे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर उत्तर सांगितले : इलाज शोधला जात होता, जगापुढे यायला एक वर्ष बाकी होते आणि तो मुंबईत पोहोचायला त्याहून बराच काळ लागला. तो म्हणाला, “म्हणजे प्रश्न चुकीचा नव्हता.” नव्हता. हसणारे चुकले होते.